परक्या मातीतील आपला माणूस

मृतांची स्मृती जपण्याची प्रत्येक समाजाची रीत निराळी असते. महाराष्ट्राच्या गावोगावी वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ ही तशीच एक जुनी रीत होय. गावाच्या रक्षणासाठी, गोधनासाठी किंवा धन्याच्या कामी पडलेल्या माणसाची आकृती दगडावर कोरून गावाने ती आपल्यापाशी ठेवून घेतली. पुढे मराठ्यांचा वावर माळव्यात वाढला, तेव्हा ह्याच भावनेने समाध्या आणि छत्र्या उभ्या राहिल्या. इंदुरात नदीकाठी उभ्या असलेल्या होळकरांच्या छत्र्या कोणाच्या पाहण्यात नाहीत? निमाडात नर्मदेच्या काठी रावेरखेडीस पहिल्या बाजीरावाची समाधी आहे. घरापासून शेकडो कोस दूर, १७४० च्या वैशाखी उन्हाळ्यात, तो पुरुष तेथे निमाला. वीरगळ असो, छत्री असो वा समाधी असो, ह्या सर्वांमागे एक समान सूत्र आहे. ज्याने आपल्यासाठी देह ठेवला, त्याची आठवण आपण ठेवावयाची.

सैनिकांच्या दफनभूमीला हे सूत्र अधिकच काटेकोरपणे लागू पडते. तेथे आपला कोण आणि परका कोण, ह्याची रेषा स्पष्ट आखलेली असते. म्हणूनच उत्तर चीनमधील एका हुतात्मा-दफनभूमीत, जपानशी लढताना पडलेल्या चिनी सैनिकांच्या सोबतीने, सोलापूरचा एक मराठी डॉक्टर चिरनिद्रा घेत आहे, ही गोष्ट साधी नव्हे. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचे नाव मराठी घरांत सर्वपरिचित आहे. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्या जीवनावर काढलेल्या चित्रपटामुळे ते सर्व भारतात पोहोचले. परंतु ते ज्या भूमीत विसावले त्या भूमीची कथा मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. ती समजून घेतल्यावाचून कोटणिसांना मिळालेल्या सन्मानाचा खरा अर्थ उलगडत नाही.

ही कथा एका सीमाप्रदेशाची आहे. सीमाप्रदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दोन राष्ट्रांमधील हद्द उभी राहते. येथे तसा अर्थ नाही. चीनच्या उत्तर भागात शान्सी, चाहार आणि हेबेई ह्या तीन प्रांतांच्या शिवा डोंगराळ मुलखात एकमेकींना भिडत. १९३७ च्या जुलै महिन्यात पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चकमक झडली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादले. रेल्वेमार्ग आणि मोठी शहरे जपानी फौजांच्या हाती भराभर गेली. परंतु शहरांच्या मागे पसरलेले डोंगर त्यांच्या हाती लागले नाहीत. त्या डोंगरांत साम्यवादी पक्षाच्या आठव्या मार्ग सेनेने आपला तळ उभारला. १९३८ च्या जानेवारीत तेथे रीतसर शासन स्थापन झाले. तीन प्रांतांच्या संक्षिप्त चिनी नावांवरून त्यास ‘जिन-छा-जी सीमाप्रदेश’ असे म्हणू लागले. सेनापती न्ये रुंगचेन तेथील सैन्याचे प्रमुख होते. चोहोबाजूंनी शत्रूने वेढलेला, औषधांची आणि शस्त्रांची सदैव टंचाई असलेला असा तो मुलूख होता. सह्याद्रीच्या आश्रयाने लढलेल्या मराठ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या युद्धाची रीत चटकन ध्यानात येईल.

ह्या प्रदेशातील तांग जिल्ह्यात च्युनछंग नावाचे एक गाव आहे. तेथे युद्ध चालू असतानाच सीमाप्रदेशाने आपल्या हुतात्म्यांसाठी दफनभूमी आखली. शत्रू कधी चालून येईल ह्याचा नेम नसताना, स्वतःच्या निवाऱ्याची शाश्वती नसताना, एखादा समाज मृतांसाठी कायमची जागा राखून ठेवतो, ह्यातच त्याचा आत्मविश्वास दिसून येतो. ह्या भूमीत ज्याच्या समाधीने सर्वांचे लक्ष वेधून घेतले, तो माणूस मात्र चिनी नव्हता. तो कॅनडाचा शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून होता. स्पेनच्या यादवी युद्धात रणांगणाजवळ रक्त पोहोचविण्याची व्यवस्था उभारून तो १९३८ साली चीनमध्ये आला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम विषारी होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्याचा अंत झाला. रक्तदोष आटोक्यात आणणारी औषधे त्या डोंगरात नव्हती.

बेथ्यून मृत्युशय्येवर होता, त्या सुमारास हिंदुस्थानचे तीन डॉक्टर त्याच आघाडीकडे येण्याच्या तयारीत होते. त्यांचे येणे हा योगायोग नव्हता. सेनापती चू तेह ह्यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली होती. १९३८ साली सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले. हिंदुस्थान स्वतः परतंत्र होता. त्याच्यापाशी सेना नव्हती, परराष्ट्रखाते नव्हते, राजदूत नव्हता. तरीही लोकांनी बावीस हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका एवढी शिदोरी जमविली आणि पाच डॉक्टर पुढे आले. अलाहाबादचे डॉक्टर अटल हे पथकाचे प्रमुख. त्यांनी स्पेनमध्येही सेवा केली होती. नागपूरचे डॉक्टर चोळकर, सोलापूरचे डॉक्टर कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉक्टर बसू व डॉक्टर मुखर्जी हे इतर चौघे. पाचांपैकी दोघे मराठी होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण चोळकरांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

त्या वेळी कोटणिसांचे वय अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण झालेले नव्हते. १० ऑक्टोबर १९१० हा त्यांचा जन्मदिवस. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले होते आणि पुढील शिक्षणाची तयारी करीत होते. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात मुलगा डॉक्टर झाला की घराची किती आशा त्याच्यावर बसते, हे वेगळे सांगावयास नको. अशा वेळी १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या बोटीने पथकाने मुंबईचा किनारा सोडला. सतरा तारखेस ते कॅन्टनला पोहोचले. पुढे महिनाभरातच कॅन्टन आणि हँकाऊ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. शहरे मागे टाकीत, इस्पितळे बदलीत हे पथक चुंगकिंगमार्गे येनानला निघाले. ह्याच काळात प्रत्येकास चिनी नाव मिळाले आणि त्या नावाच्या शेवटी चीनचा वाचक असा ‘हुआ’ हा शब्द जोडला गेला. कोटणिसांचे नाव ‘क दीहुआ’ असे झाले.

येनानला जाण्यापूर्वीच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत फिरण्यास ह्याहून सबळ कारण असू शकत नाही, आणि ते परतले असते तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण ते पुढे निघाले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. त्यानंतर एकेक सहकारी निरोप घेत गेला. चोळकर आणि मुखर्जी १९३९ साली परतले. अटल १९४० साली परतले. त्यांनी आपले कर्तव्य अर्धवट टाकले असे मात्र कोणी समजू नये. पथक गेले होते ते ठरावीक मुदतीसाठी, आणि प्रकृतीच्या तक्रारी होत्या त्या खऱ्याच होत्या. मागे राहिले ते बसू आणि कोटणीस. वीर तेवढा एक आणि बाकीचे सामान्य, अशी मांडणी करण्याचा मोह चरित्रकारांना होतो; परंतु पाचही जणांनी जी वाट धरली, ती त्या काळी फारच थोड्यांनी धरली होती.

१९४० च्या जून महिन्यात च्युनछंगला बेथ्यूनच्या समाधीचा अर्पणविधी झाला, तेव्हा कोटणीस तेथे उपस्थित होते. ज्या दफनभूमीत अडीच वर्षांनी त्यांना स्वतःला स्थान मिळावयाचे होते, तिच्याशी त्यांची ओळख अशी झाली. परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या क्वो छिंगलान ह्या तरुणीने त्यांना प्रथम पाहिले तेही ह्याच प्रसंगी. पुढे १९४१ साली दोघांचा विवाह झाला.

त्याच वर्षीच्या, म्हणजे १९४० च्या ऑगस्टपासून आठव्या मार्ग सेनेने शंभरावर पलटणींनिशी जपान्यांचे रेल्वेमार्ग आणि ठाणी ह्यांवर मोठा हल्ला चढविला. जखमींचा ओघ अखंड वाहू लागला. कोटणिसांनी ह्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. कधीकधी बहात्तर तास डोळ्यास डोळा न लागता ते शस्त्रक्रिया करीत राहिले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. १९४१ च्या जानेवारीत त्यांच्याकडे बेथ्यूनच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद आले. रुग्णालय हा शब्द ऐकून मोठ्या वास्तूची कल्पना करू नये. खेड्यातील घरे हेच त्याचे कक्ष होते, आणि शत्रूची चाहूल लागताच रुग्णांसह सारा संसार उचलून डोंगरात न्यावा लागे.

कोटणीस चिनी भाषा शिकले आणि तीच भाषा वापरून शस्त्रवैद्यक शिकवू लागले. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले. दुसरे लिहावयास घेतले, ते अपुरे राहिले. जखमी सैनिक त्यांना प्रेमाने ‘काळी आई’ म्हणत, असे सांगतात. ह्या शब्दांनी त्या सैनिकांना एवढेच म्हणावयाचे असेल की, सावळ्या वर्णाचा हा माणूस आईच्या मायेने आपली काळजी घेतो. मराठी शेतकरी मात्र आपल्या शेताच्या मातीला काळी आई म्हणतो, आणि मराठी कानांना ते नाव ऐकताना वेगळेच काही जाणवल्यावाचून राहत नाही.

अतिश्रमाने आणि निकृष्ट अन्नाने त्यांची प्रकृती ढासळत गेली. अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी आघाडी सोडून जाण्याचा आग्रह त्यांना करण्यात आला, परंतु त्यांनी तो मानला नाही. १९४२ च्या जुलै महिन्यात ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराचे झटके अनावर होऊन कोटणिसांचे देहावसान झाले. बत्तीस वर्षे आणि दोन महिने एवढेच आयुष्य त्यांना लाभले. त्यांपैकी सव्वाचार वर्षे त्यांनी चीनमध्ये घालविली होती. च्युनछंगच्या दफनभूमीत, बेथ्यूनच्या समाधीशेजारी, त्यांना विसावा मिळाला. महिनाअखेर येनानला शोकसभा झाली. सेनेचा मदतीचा हात गेला आणि राष्ट्राचा एक मित्र गेला, अशा आशयाची श्रद्धांजली माओ त्से-तुंग ह्यांनी वाहिली.

युद्ध संपले, राज्य पालटले, आणि हुतात्म्यांच्या स्मारकाचेही स्वरूप पालटले. हेबेई प्रांतातील शिच्याच्वांग शहरात १९४८ पासून उत्तर चीनच्या हुतात्म्यांसाठी एक विस्तीर्ण दफनभूमी उभारण्याचे काम चालू झाले आणि १९५४ साली ते पुरे झाले. त्याच सुमारास बेथ्यून आणि कोटणीस ह्यांचे अवशेष डोंगरातील त्या जुन्या जागेतून येथे आणण्यात आले. आज तेथे दोघांच्याही समाध्या आणि पुतळे आहेत. कोटणिसांच्या नावाचे स्मृतिभवन १९७६ साली उभे राहिले. तेथील वस्तूंत शस्त्रक्रियेची काही उपकरणे आहेत आणि चिनी शब्दांची एक टिपणवहीही आहे. मुंबईहून चीनकडे जाताना प्रवासात कोटणिसांनी ती लिहिली. बोटीवर बसून परक्या भाषेतील एकेक शब्द टिपून घेणाऱ्या तरुणाला आपण कायमचेच तिकडे राहणार आहोत, ह्याची कल्पना नसणार. परंतु ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याशी दुभाष्यावाचून बोलता आले पाहिजे, हे त्याने आरंभीच ओळखले होते.

ही सारी गौरवाची बाजू झाली. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण दगडी स्मारकांवर ती लिहिलेली नसते. सोलापूरच्या घरात पित्यापाठोपाठ पुत्रही गेला, आणि त्याचे अंत्यदर्शन कोणास घडले नाही. क्वो छिंगलान तान्ह्या मुलासह मागे राहिल्या. तो मुलगा वाढला, वडिलांप्रमाणे डॉक्टर होण्यासाठी शिकू लागला, आणि १९६७ साली शिक्षण पुरे होण्यापूर्वीच मरण पावला. भारत आणि चीन ही दोन्ही नावे एकत्र धारण करणारे ते आयुष्य पंचविशीही गाठू शकले नाही. मातेने मात्र दीर्घायुष्य घेतले. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तल्या. सत्तर वर्षे त्यांनी ही स्मृती जपली.

त्या सत्तर वर्षांतच १९६२ साल येते. वीस ऑक्टोबरला सीमेवर युद्ध भडकले आणि एकवीस नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्यानंतर अठराच दिवसांनी, नऊ डिसेंबरला, कोटणिसांच्या मृत्यूस वीस वर्षे पूर्ण झाली. लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांचे जवान धारातीर्थी पडले होते. त्यांचे पार्थिव देह बर्फाखालीच होते. त्यांच्यावर गोळ्या झाडणारी सेना ही आठव्या मार्ग सेनेचीच वारस होती. ज्या सेनेच्या जखमींसाठी एका भारतीयाने प्राण वेचले, तिच्याच हातून भारतीय जवान पडावेत, हा इतिहासाचा अत्यंत कठोर प्रसंग म्हटला पाहिजे. मग कोटणिसांचे बलिदान व्यर्थ गेले काय, असा प्रश्न त्या दिवसांत अनेकांच्या मनात आला असेल तर त्यात नवल नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर देताना कोटणीस कोणत्या कामासाठी गेले होते, ते नीट पाहिले पाहिजे. दोन राज्यांमध्ये पुढे कधी वितुष्ट येऊ नये, म्हणून काही ते गेले नव्हते. असे आश्वासन कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. आक्रमणाखाली चिरडल्या जाणाऱ्या लोकांच्या जखमा बांधण्यासाठी ते गेले, आणि त्या जखमा त्यांनी बांधल्या. जे शेकडो सैनिक त्यांच्या हातून बरे झाले, ते बरे झाले. ही गोष्ट पुढील कोणत्याही युद्धाने पुसली जात नाही. तसेच, रेझांग ला येथील जवानांचे मोल कोटणिसांच्या समाधीमुळे कमी होत नाही. एकाने परक्यांचे प्राण वाचविताना देह ठेवला, इतरांनी स्वदेशाची भूमी राखताना. दोघांनाही वंदन करण्यात विसंगती नाही. एकाची आठवण पुढे करून दुसऱ्याची झाकणे, हा मात्र अन्याय होईल.

ह्याच अनुषंगाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जशी भारतीयाची समाधी चीनमध्ये आहे, तशा चिनी सैनिकांच्या समाध्या भारतातही आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, ब्रह्मदेशातून माघार घेतलेल्या चिनी फौजा बिहारमधील रामगढ येथे नव्याने शिक्षण घेत होत्या. आज झारखंडात असलेल्या त्या रामगढजवळ त्यांची दफनभूमी आहे. ईशान्य भारतात अरुणाचलमधील जयरामपूर येथेही, ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या युद्धकालीन रस्त्यालगत, अशीच एक भूमी आहे. ती माणसेही जपानविरुद्धच्या लढ्यासाठीच घर सोडून आली होती, आणि त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. त्यांच्या नावाचे चित्रपट निघाले नाहीत. परक्या मातीत विसावलेल्या आपल्या माणसाला शेजाऱ्याने मानाने वागवावे अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांनी आपल्या मातीत विसावलेल्या परक्यांकडेही एकदा पाहावे, हे उचित होय.

कोटणिसांच्या स्मृतीचा दोन्ही राज्यांनी पुष्कळ उपयोग केला आहे. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांचे टपाल तिकीट काढले. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात दीर्घकाळ चालू होता. स्नेहाचे वारे असले की त्यांचे नाव भाषणांत येते आणि तणाव वाढला की ते मागे पडते. तरीही सामान्य माणसांची आठवण राज्यकर्त्यांच्या सोयीहून चिवट असते. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात दोन्हीकडचे सैनिक मरण पावले. त्याच वर्षी शिच्याच्वांगमधील कोटणिसांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय विद्यालयात त्यांचा कांस्यपुतळा उभा राहिला. सोलापुरात भैय्या चौकाजवळील त्यांचे घरही स्मारकरूपाने जतन झाले आहे.

वीरगळ उभारणाऱ्या आपल्या पूर्वजांना गावाची वेस हीच आपलेपणाची सीमा वाटत असे. पुढे ती सीमा राज्यापर्यंत आणि मग राष्ट्रापर्यंत विस्तारली. च्युनछंगच्या शेतकऱ्यांनी आणि सैनिकांनी १९४२ च्या हिवाळ्यात ती आणखी पुढे नेली. वेढ्यात सापडलेल्या त्या गरीब मुलखाने एका मराठी डॉक्टराला आपल्या वीरांच्या शेजारी जागा दिली आणि तो आपला आहे असे मानले. ज्या गावाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते त्याने त्याला आपले म्हटले, कारण त्या गावच्या दुःखाला त्याने आधी आपले म्हटले होते. राज्यांच्या सीमा कोठे असाव्यात ह्याचा वाद सोडविण्याचे सामर्थ्य ह्या समाधीत नाही. माणसाचे आपलेपण त्या सीमेपाशीच संपले पाहिजे असे नाही, एवढे मात्र ती ऐंशीहून अधिक वर्षे सांगत आहे.